इंग्रजीच्या परीक्षा आणि निवडीचा विवेक : प्रस्तावना

परभाषेचे ज्ञान ही एके काळी विद्वत्तेची शोभा मानली जाई. आज त्याला परवान्याचे स्वरूप आले आहे, आणि परवाना म्हटला की तो देणारी कचेरी, त्याची फी, त्याची मुदत आणि तो नाकारला जाण्याची धास्ती ही सारी आनुषंगिके ओघानेच येतात. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा माणसांना ती भाषा कितपत अवगत आहे हे ठरविण्यासाठी ज्या प्रमाणित परीक्षा जगभर घेतल्या जातात, त्यांपैकी कोणती कोणी द्यावी आणि ती निवड कोणत्या विचाराने करावी, हा या ग्रंथाचा विषय आहे. वरवर पाहता हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न वाटेल, आणि शहरातील सुस्थित घरांत तो तसा आहेही. परंतु हिंगणघाट, आर्वी, देवळी किंवा समुद्रपूर यांसारख्या तालुक्यांतील ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी शिक्षणासाठी अथवा रुग्णसेवेच्या नोकरीसाठी परदेशी जाण्याचा मनसुबा करीत आहे, त्या घरात हा प्रश्न घराच्या जमाखर्चाचा, मुलीच्या आत्मविश्वासाचा आणि पुढील काही वर्षांच्या दिशेचा होऊन बसतो. त्याचे उत्तर मात्र तेथे बहुधा जाहिरातीवरून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून दिले जाते, आणि ही उणीव दूर करावी हाच या लेखनामागील मुख्य हेतू आहे.

असा ग्रंथ वर्ध्यात लिहिला जावा यात मला औचित्य वाटते. परभाषेच्या परीक्षा ही या गावाला परकी असलेली गोष्ट नव्हे. १९३६ मध्ये येथे राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली आणि ज्यांची मातृभाषा हिंदी नाही अशा माणसांसाठी प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, रत्न अशी परीक्षांची चढती श्रेणी या समितीने चालविली. महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या जुन्या पेट्यांतून त्या परीक्षांचे दाखले आजही जपून ठेवलेले आढळतात. पुढल्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथेच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव तिने केला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यातून वर्धा शिक्षण योजनेचा आराखडा सिद्ध केला. त्याच जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी उभारलेली वैद्यकीय संस्था आहे, सावंगी मेघे येथेही मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि या दोन्ही ठिकाणी शिकलेल्या डॉक्टरांना व परिचारिकांना इंग्रजीच्या परीक्षेचा प्रश्न केव्हा ना केव्हा सामोरा येतो. मातृभाषेतून शिकविण्याचा आग्रह, परभाषेची श्रेणीबद्ध परीक्षा आणि परदेशगमनाची आकांक्षा हे तीनही प्रवाह ज्या एका जिल्ह्यात शेजारी शेजारी वाहतात, तेथून या विषयाकडे पाहिले असता त्याचा खरा विस्तार नजरेत येतो.

मात्र राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा आणि प्रस्तुत परीक्षा यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो प्रारंभीच ध्यानी घेतला नाही तर पुढील सगळे विवेचन व्यर्थ जाईल. कोविद अथवा परिचय या परीक्षेस अभ्यासक्रम असतो, पुस्तके नेमलेली असतात, ती अभ्यासून परीक्षार्थी उत्तीर्ण होतो आणि मिळालेला दाखला आयुष्यभर त्याचा राहतो. आयेल्ट्स, टोफेल, पीटीई यांसारख्या परीक्षांना नेमलेले पुस्तक नसते. त्यांत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकालही नसतो. केवळ एक गुणांक मिळतो आणि तो पुरेसा आहे की नाही हे परीक्षा घेणारी संस्था ठरवीत नाही, तो दाखला ज्या विद्यापीठापुढे अथवा व्हिसा कचेरीपुढे रुजू करावयाचा ते ठरविते. शिवाय तो गुणांक बहुतेक ठिकाणी दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. काय शिकलात असे न विचारता, उद्या तेथे गेल्यावर तुम्हाला काय करता येईल असे या परीक्षा विचारतात. बोर्डाच्या परीक्षेच्या शिस्तीत वाढलेला आपला विद्यार्थी प्रथम ‘पोर्शन किती आहे?’ असे विचारतो, आणि तेथेच त्याची वाट चुकावयास आरंभ होतो.

या परीक्षांचा इतिहास फार जुना नाही. १९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा प्रथम घेतली. तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. त्या परीक्षेत भाषांतर होते, ध्वनिशास्त्र होते, इंग्रजी वाङ्मयावरील प्रश्न होते, आणि ती सुमारे बारा तास चाले. त्याच वर्षी भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची प्रमाणित कसोटी तेव्हा अमेरिकेत अस्तित्वातच नव्हती, आणि मुंबई विद्यापीठाची पदवी हा त्या काळी पुरेसा दस्तऐवज होता. त्याच्याही पूर्वी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या काळी जाणारे विरळा होते आणि प्रत्येकाची योग्यता पत्रव्यवहारावरून पारखली जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या इतकी वाढली की अशी वैयक्तिक पारख अशक्य झाली, आणि १९६४ मध्ये अमेरिकेत टोफेल ही परीक्षा सुरू होऊन लवकरच प्रिन्स्टनच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे आली. ब्रिटनमध्ये १९८० साली ईएलटीएस निघाली. १९८९ मध्ये तिचे रूपांतर होऊन ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज आणि ऑस्ट्रेलियातील आयडीपी यांच्या भागीदारीत आजची आयेल्ट्स अस्तित्वात आली. २००९ मध्ये पिअर्सन कंपनीने पीटीई अकॅडमिक आणली, आणि घरबसल्या संगणकावर देता येणारी ड्युओलिंगोची परीक्षा २०२० च्या महासाथीत, परीक्षाकेंद्रांचे दरवाजे बंद झाले असताना, विद्यापीठांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

या सनावळीच्या मागे भाषा म्हणजे काय याविषयीचा एक गंभीर वाद चालू होता, आणि परीक्षांचे आजचे भिन्न भिन्न चेहरे त्या वादातूनच घडले आहेत. रॉबर्ट लाडो यांनी १९६१ मध्ये भाषापरीक्षणावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की भाषेचे ध्वनी, शब्द, व्याकरण असे घटक वेगळे काढून एकेका प्रश्नाने एकेक घटक तपासावा. असे केल्याने परीक्षकाच्या लहरीला वाव राहत नाही आणि हजारो उमेदवारांना एकच माप लागते. त्याच वर्षी जॉन कॅरल यांनी आक्षेप घेतला की घटक सुटे सुटे येणे म्हणजे भाषा येणे नव्हे, माणूस एका वेळी सगळे घटक मिळून वापरतो. पुढे जॉन ओलर यांनी, उताऱ्यातील ठराविक अंतराने गाळलेले शब्द भरण्याच्या आणि श्रुतलेखनाच्या प्रश्नांवर भर देऊन, हा समग्रतेचा पक्ष बळकट केला. तिसरा संप्रदाय संवादाचा. डेल हाइम्स यांनी मांडलेली संवादक्षमतेची कल्पना आणि १९८० मध्ये कॅनेल व स्वेन यांनी तिला दिलेली शास्त्रीय बैठक यांमुळे, कोणाशी, कोणत्या प्रसंगी, कशासाठी बोलावयाचे आहे हे परीक्षेच्या केंद्रस्थानी आले. ईएलटीएस हे त्याच विचाराचे अपत्य होते आणि प्रारंभी तिच्यात विषयवार निराळ्या प्रश्नपत्रिका असत, ज्या १९९५ च्या सुधारणेत वगळल्या गेल्या. चौथा संप्रदाय यंत्राचा : पीटीईत बोलणे आणि लिहिणे यांचे गुण मुख्यत्वे संगणक देतो, आणि ड्युओलिंगोत उमेदवाराच्या उत्तरागणिक पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये या सर्व वादाला एक महत्त्वाचे वळण दिले. परीक्षेची यथार्थता तिच्या प्रश्नपत्रिकेत शोधून भागणार नाही, तिच्या गुणांचा उपयोग कशासाठी केला जातो आणि त्याचे परिणाम काय होतात हेही तपासावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. या ग्रंथाची सारी मांडणी या विचाराची ऋणी आहे.

संवादाच्या संप्रदायाचे सर्वात स्पष्ट रूप पाहावयाचे असेल तर ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात टिम मॅकनमारा यांनी आकारास आणलेली ओईटी ही परीक्षा पाहावी. ती बारा वैद्यकीय व्यवसायांसाठी आहे. परिचारिकेच्या लेखनाच्या प्रश्नात तिच्यासमोर एका रुग्णाची टिपणे ठेवली जातात : वय, पूर्वीचे आजार, झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी, घरी कोण आहे, जखमेची अवस्था. पाच मिनिटे केवळ वाचावयाचे; त्या वेळात लेखणी उचलता येत नाही. नंतरच्या चाळीस मिनिटांत, रुग्णाची पुढील काळजी घेणाऱ्या व्यक्तीस सुमारे १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहावयाचे असते. टिपणांतील बऱ्याच गोष्टी त्या पत्रात यावयाच्या नसतात, आणि खरी परीक्षा तेथेच आहे : बालपणी झालेल्या आजाराची नोंद गाळली तर चालेल, ॲलर्जीची गाळली तर चालणार नाही. इंग्रजीचे व्याकरण निर्दोष असूनही सगळी टिपणे क्रमाने उतरवून काढणारी उमेदवार येथे मागे पडते, आणि वॉर्डातील ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला नेमके काय सांगावयाचे हे जिच्या अंगवळणी पडले आहे, तिला या पत्राची रीत परकी वाटत नाही. बोलण्याच्या परीक्षेतही दोन प्रसंग दिले जातात आणि समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बोलते. घाबरलेल्या माणसाला धीर देणे हा तेथे भाषेचाच भाग मानला जातो.

आता गुणांकाचा तपशील पाहावा, कारण तो न समजल्याने होणारे नुकसान मोठे आहे. आयेल्ट्समध्ये श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चार कौशल्यांस ० ते ९ या श्रेणीत बँड मिळतात आणि त्यांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडवर आणली जाते. समजा, एखाद्यास श्रवणात ७, वाचनात ६.५, संभाषणात ६ आणि लेखनात ५.५ मिळाले, बेरीज २५, सरासरी ६.२५, आणि दाखल्यावर एकूण बँड ६.५ असा येतो. घरी आनंद होतो. परंतु ज्या विद्यापीठाने एकूण ६.५ मागितले आहेत आणि कोणत्याही कौशल्यात ६ पेक्षा कमी नको अशीही अट घातली आहे, त्याच्या दृष्टीने हा अर्ज अपुरा ठरतो. ब्रिटनमधील परिचारिकांची नोंदणी करणारी परिषद आयेल्ट्समध्ये वाचन, श्रवण व संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ मागते, तीच परिषद ओईटीमध्ये तीन कौशल्यांत ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’ ग्राह्य धरते. म्हणजे एकाच दाराला दोन किल्ल्या आहेत, आणि कोणती आपल्या हाताला साधेल हे ओळखणे म्हणजेच निवड.

या निवडीचा क्रम कसा असावा, याविषयी या ग्रंथाची भूमिका निःसंदिग्ध आहे. पहिला प्रश्न, दाखला कोणापुढे ठेवावयाचा? ब्रिटिश सरकार ज्या व्हिसांसाठी सुरक्षित परीक्षांची यादी पाळते, तेथे साधी आयेल्ट्स चालत नाही, त्याच परीक्षेची यूकेव्हीआय नावाची स्वतंत्र आवृत्ती द्यावी लागते. कॅनडात कायम वास्तव्याच्या अर्जास आयेल्ट्सची जनरल ट्रेनिंग शाखा लागते, अकॅडमिक शाखा नव्हे, आणि जानेवारी २०२४ पासून त्या कामी पीटीई कोअर हीही चालते. अमेरिकेत वैद्यकीय प्रशिक्षणास जाऊ इच्छिणाऱ्या ज्या परदेशी डॉक्टरांना ईसीएफएमजी या तेथील संस्थेच्या ‘पाथवे’ मार्गाने प्रमाणपत्र मिळवावयाचे असते, त्यांना ओईटीची वैद्यक शाखा द्यावी लागते. काही विद्यापीठे तर पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा महाविद्यालयाचा दाखला पाहून परीक्षेतून सूटही देतात, आणि ही चौकशी आधी केली नाही तर परीक्षेचा खर्च विनाकारण अंगावर पडतो. मान्य परीक्षांची यादी अशा रीतीने हाती आल्यावरच दुसरा प्रश्न विचारावा : त्यांपैकी कोणत्या परीक्षेतील काम मला तेथे जाऊन प्रत्यक्ष करावयाच्या कामाच्या जवळचे आहे? शिकवणी वर्गांत या जागी ‘सगळ्यांत सोपी कोणती?’ हा प्रश्न विचारला जातो. त्याने तयारीचे चार-सहा महिने परीक्षेपुरतेच खर्ची पडतात. कामाच्या जवळची परीक्षा निवडली तर तीच तयारी विमानातून उतरल्यावरही उपयोगी पडते, आणि गुणांक थोडा उशिरा मिळाला तरी श्रम वाया जात नाहीत. हा या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत आहे, आणि मी तो पूर्ण जबाबदारीने मांडीत आहे.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. ज्याला माणसाशी समोरासमोर बोलताना खुलता येते त्याला आयेल्ट्सचे अकरा ते चौदा मिनिटांचे संभाषण मानवेल. ज्याला परक्या परीक्षकासमोर संकोच वाटतो त्याला पीटीईचा ध्वनिग्राहक बरा वाटेल, मात्र तेथे तीन सेकंद स्तब्ध राहिल्यास ध्वनिमुद्रण बंद होते, हे विचार करून सावकाश बोलणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. चौथा प्रश्न पैशाचा, आणि तो शेवटी ठेवला असला तरी गौण नाही. आयेल्ट्सची फी आज पंधरा हजार रुपयांच्या वर गेलेली आहे. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता, हे ध्यानी घेतले म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून एका परीक्षेस दोन क्विंटलांहून अधिक कापूस जातो. ओईटीची फी त्याहून पुष्कळ जास्त, ड्युओलिंगोची पुष्कळ कमी. पण ड्युओलिंगोस अखंड वीज, स्थिर इंटरनेट आणि ज्यात दुसरे कोणी येणार नाही अशी खोली लागते, आणि आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील खेड्यात ही तीनही एकत्र मिळणे सहज नाही. केंद्रावर जावयाचे तर बहुधा नागपूर, म्हणजे वर्ध्याहून सुमारे पाऊणशे किलोमीटर, आणि सकाळची वेळ मिळाली तर आदल्या रात्रीचा मुक्काम.

येथे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याविषयी काही सांगणे मला अगत्याचे वाटते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला विद्यार्थी या परीक्षांपुढे स्वतःला आधीच पराभूत समजतो. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. मराठीत नामापूर्वी उपपदे लावावी लागत नाहीत, म्हणून इंग्रजी लिहिताना ती गळतात किंवा भलत्या जागी पडतात. मराठीत अक्षरांवर जवळजवळ सारखाच भार पडतो, म्हणून इंग्रजी शब्दातील आघात चुकतो आणि ऐकताना आघात नसलेली अक्षरे निसटतात. परंतु या परीक्षांत ज्याला खरे मोल आहे ते, म्हणजे उताऱ्यातील प्रतिपाद्य ओळखणे, दोन मतांची तुलना करणे, आपले म्हणणे कारणांसह मांडणे, हे माणूस प्रथम मातृभाषेतच शिकतो. ज्याने मराठीत सलग दोन पाने मुद्देसूद लिहिली नाहीत त्याला इंग्रजीत अडीचशे शब्दांचा निबंध अवघड जातो, आणि ज्याने ती लिहिली आहेत त्याला केवळ वेश बदलावयाचा असतो. १९३७ च्या परिषदेचा ठराव आणि आजची आयेल्ट्स यांत म्हणूनच मला विरोध दिसत नाही. विरोध निर्माण होतो तो विचार न शिकविता केवळ ठोकळेबाज वाक्ये पाठ करवून घेण्याच्या पद्धतीमुळे.

हा ग्रंथ आताच प्रसिद्ध व्हावा याला कारण आहे. नियम सतत बदलत आहेत. २०१४ मध्ये परीक्षाकेंद्रांतील गैरप्रकार उघडकीस आल्यावर ब्रिटनने व्हिसासाठी टोफेल व तिची भगिनी टोइक स्वीकारणे बंद केले आणि निर्दोष विद्यार्थ्यांनाही त्याचे चटके बसले. जुलै २०२३ मध्ये टोफेल दोन तासांच्या आत आणली गेली, आणि जानेवारी २०२६ पासून तिची गुणश्रेणीही १ ते ६ अशी नव्याने आखली गेली. अशा वेळी गेल्या वर्षीच्या उमेदवाराचा अनुभव या वर्षीच्या उमेदवारास जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही, आणि ज्या घरात माहितीचा दुसरा मार्ग नाही तेथे दलालाचा शब्द प्रमाण मानला जातो. माहितीचे हे दारिद्र्य पैशाच्या दारिद्र्याइतकेच अन्यायकारक आहे.

म्हणून या ग्रंथात प्रत्येक परीक्षेचे अंतरंग, तिच्या मुळाशी असलेला विचार, तिचे काम आणि तिच्या मर्यादा मराठीत उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. येथे नमुना उत्तरे पाठ करण्यास दिलेली नाहीत आणि ‘पंधरा दिवसांत अमुक बँड’ असे आश्वासनही दिलेले नाही. युरोप कौन्सिलने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ए १’ ते ‘सी २’ या सहा पायऱ्यांचा समान संदर्भ मात्र सर्वत्र घेतला आहे, जेणेकरून वाचकास स्वतःची आजची पायरी प्रामाणिकपणे ओळखता यावी आणि मागितलेली पायरी किती दूर आहे हे फी भरण्यापूर्वीच कळावे. फी व अटी यांचे आकडे बदलणारे असल्याने वाचकाने अर्जापूर्वी मूळ संस्थेकडे ते ताडून पाहावेत, अशी विनंती आहे. ग्रंथाचा भर त्या आकड्यांमागील विवेकावर आहे.

इंग्रजीचा गुणांक हा माणसाच्या बुद्धीचा किंवा संस्काराचा दाखला नव्हे. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट कामात, एका परभाषेवर त्याचा किती ताबा होता एवढेच तो सांगतो, आणि एवढे सांगण्याचा त्याचा अधिकार मान्य करूनच त्याच्याकडे पाहिले पाहिजे. ज्या विद्यार्थ्याने, ज्या परिचारिकेने, ज्या पालकाने हे पुस्तक हाती घेतले आहे, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आपल्याला कोठे जावयाचे आहे, तेथे जाऊन रोज कोणते काम करावयाचे आहे आणि त्या कामापैकी किती आज इंग्रजीत करता येते, ही तीन उत्तरे मराठीत लिहून काढावीत. ती प्रामाणिक असतील तर परीक्षेची निवड अर्धीअधिक झालीच. उरलेल्या वाटेवर हा ग्रंथ त्यांच्या सोबतीस राहावा.

वर्धा